९.३ चा हिशोब

गेल्या पावसाळ्यात नेमबाजीतली माझी दर शॉटची सरासरी १०.१ वर अडकली ती अडकलीच. साठ शॉटचे कधी ६०६, कधी ६०४. दहा मीटर एअर रायफलमध्ये एका शॉटला जास्तीत जास्त १०.९ मिळतात, म्हणजे साठ शॉटचे ६५४. तिथवर कुणीच जात नाही, पण ६२० च्या आसपास तरी पोचावं म्हणून मी चार वर्षं घाम गाळतोय. सरासरीपेक्षाही मला छळत होता तो मधेच कुठून तरी उगवणारा ९.३. नेम स्थिर, श्वास बरोबर, ट्रिगर हवा तसा सुटलेला, आणि स्क्रीनवर ९.३. प्रत्येक मॅचला असे पाच-सहा. मॅच संपवून हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याहून सोलापूरला परतताना मी कुर्डुवाडीपर्यंत तेच शॉट डोक्यात पुन्हा पुन्हा मारत बसायचो.

आमची रेंज अक्कलकोट रोडला एका जुन्या यंत्रमागाच्या शेडमध्ये आहे. माग विकले गेले, शेड रिकामी पडली, सरांनी ती भाड्याने घेऊन चार लेन केल्या. त्यातल्या एकाच लेनला इलेक्ट्रॉनिक टार्गेट आहे, बाकी तीन कागदी. शेजारच्या शेडमधले माग अजून चालतात. त्यांची खटखट महिनाभरात कानाआड होते.

मी सरांना म्हणालो, "सर, छर्रे बदलून बघू का?"

"बदल की. पण आधी मला सांग, चुकतंय कोण? रायफल, छर्रा का तू?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग सरांनी कोपऱ्यातलं लोखंडी टेबल दाखवलं. जाड अँगलचं, चारही पाय फरशीत बोल्टने आवळलेले, वर शिकंजा. रायफल त्यात पकडायची, माणसाला बाजूला ठेवायचं आणि नुसती नळी आणि छर्रा यांचं काय चाललंय ते बघायचं.

काडतुसं स्वतः भरून रायफल चालवणाऱ्यांबद्दल मी बरंच वाचलं होतं. ते दारू तोलतात, गोळी केसमध्ये किती खोल बसवायची ते बदलून बघतात आणि दर बदलानंतर ग्रुप मारतात, म्हणजे एकाच जागी नेम धरून काही शॉट मारतात आणि ते किती पसरले ते बघतात. आमच्या खेळात दारूच नाही, सिलिंडरमधली दाबलेली हवा ४.५ मिलिमीटरचा शिशाचा छर्रा ढकलते. पण त्यांचा एक नियम मी जसाच्या तसा उचलला : एका वेळी एकच गोष्ट बदलायची. मी आजवर याच्या अगदी उलट करत होतो. छर्रे बदलले त्याच आठवड्यात बटप्लेट, म्हणजे खांद्याला टेकणारी पट्टी, हलवली, डायॉप्टर, म्हणजे डोळ्याजवळचं नेम धरायचं भोक, तेही पुढे घेतलं. मग सुधारणा कशाने झाली आणि बिघाड कशाने, हे कळणार कसं?

पहिल्या दिवशी शिकंज्यातला ग्रुप हाताने मारल्यासारखा पसरला. मी हादरलो. रायफल सेकंडहँड घेतलेली, तेव्हा नळीच गेली असं वाटलं. सरांनी कान टवकारले आणि शेजारच्या भिंतीकडे बोट केलं. माग चालू होते. टेबलावर पाण्याचा ग्लास ठेवला तर पाण्यावर बारीक थरथर दिसत होती. त्यानंतर प्रत्येक चाचणी कारखान्याला सुट्टी असेल त्याच दिवशी केली. चाचणी पाच आठवडे लांबली ती यामुळेच.

पाच शॉटच्या ग्रुपवर विश्वास ठेवू नका, हे मी कळकळीने सांगतो. पाच शॉट नशिबानेही एका भोकात जातात. मी दहा-दहाचे ग्रुप मारले, प्रत्येक डब्यातल्या छर्‍यांचे तीन-तीन. नवा डबा उघडला की पहिले पंधरा शॉट मोजायचे नाहीत, कारण नळीत आधीच्या छर्‍यांचं शिसं बसलेलं असतं आणि नवा छर्रा मार्गी लागायला वेळ घेतो. भोक व्हर्नियरने बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत मोजायचं आणि त्यातून छर्‍याचे ४.५ वजा करायचे. उरतो तो खरा पसारा.

माझ्या नेहमीच्या डब्याचा आकडा आला ७.९. म्हणजे पसारा ३.४ मिलिमीटर.

त्या रात्री मी वही घेऊन बसलो आणि ९.३ चा हिशोब अखेर लागला. टार्गेटवरचा दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा. छर्‍याची कड त्याला टेकली तरी १०.० मिळतात, म्हणजे छर्‍याचा मध्य केंद्रापासून अडीच मिलिमीटरपर्यंत गेलेला चालतो. तिथून प्रत्येक पाव मिलिमीटरला एक दशांश कमी होतो. आता मी अडीच मिलिमीटर चुकलो तर माझ्या वाट्याचा शॉट १०.० चा. पण छर्रा स्वतःहून आणखी १.७ त्याच दिशेला गेला, तर एकूण ४.२. गुण ९.३! माझी चूक साधी होती, छर्‍याने तिला मोठं केलं. उलट कधी छर्रा माझ्या चुकीच्या विरुद्ध जायचा आणि मला १०.६ मिळायचे. ते मी माझं कौशल्य समजत होतो.

मग छर्‍यांच्या मागे लागलो. डबा टेबलावर पालथा केला आणि जाड काच किंचित तिरकी ठेवून एकेक छर्रा तिच्यावरून सोडला. छर्‍याचं डोकं सपाट, कमर बारीक आणि मागे पातळ झगा, त्यामुळे तो सरळ न घरंगळता वळण घेत जातो. धड छर्रा एकसारखं गुळगुळीत वळण घेतो. झगा दबलेला असेल तर जाताना अडखळतो, काचेवर टिक्-टिक् असा आवाज येतो. पाचशेपैकी चाळीस छर्रे अडखळले. भिंगाखाली बघितलं तर झग्याची कड अंडाकृती झालेली. शिसं मऊ असतं, आणि हा डबा मी पुण्याहून आणल्यापासून मोटारसायकलच्या डिकीत टाकून शहरभर फिरवत होतो. विजापूर रोडचे खड्डे त्या छर्‍यांनी माझ्याइतकेच खाल्ले होते. हे मला फार लागलं. दोष छर्रे बनवणाऱ्याचा नव्हता. आता डब्यात वर फोमची चकती ठेवतो आणि डबा पाठीवरच्या सॅकमध्ये, कपड्यांत गुंडाळून नेतो.

वजनाचंही केलं. मंगळवार पेठेतले एक सराफ आईच्या ओळखीचे. त्यांचा काटा एक मिलिग्रॅमपर्यंत दाखवतो. दुपारी गिऱ्हाईक नसताना त्यांनी मला दोन तास बसू दिलं, चहाही पाजला. छर्रे ०.५३ ग्रॅमच्या आसपासचे, त्यातले बहुतेक दोन-चार मिलिग्रॅमच्या फरकातले. "सोनं असतं तर एवढ्यावरून भांडण झालं असतं," शेठ म्हणाले. दहा मीटरवर मात्र एवढ्या फरकाने फारसं बिघडत नाही. माझा छर्रा सेकंदाला साधारण १७५ मीटर जातो, तेवढ्या वेळात तो १६ मिलिमीटर खाली येतो. वेग एक टक्क्याने बदलला तर फरक पडतो जेमतेम ०.३ मिलिमीटरचा. वजन लावून निवडलेल्या छर्‍यांचे ग्रुप न निवडलेल्यांपेक्षा किंचितच बरे आले. ती मेहनत मी पुन्हा करणार नाही. काचेवरची चाचणी मात्र नेहमी करणार.

खरा फरक पडला छर्‍याच्या डोक्याच्या मापाने आणि लॉटने, म्हणजे कारखान्यात एकाच वेळी बनलेल्या खेपेने. छर्रे ४.४९, ४.५०, ४.५१ अशा मापांत मिळतात. ओळखीच्या शूटर्सकडून मी अर्धे-अर्धे डबे मागून आणले, एकूण सात प्रकार. ४.४९ चा छर्रा माझ्या नळीत सैल पडायचा, बोटाने ढकलतानाच जाणवायचं. ४.५० चे दोन लॉट, कंपनी एकच, डब्यावरचं चित्रही एकच, फक्त लॉट नंबर वेगळा. एकाचा आकडा ६.८, दुसऱ्याचा ५.४. तीनही ग्रुपला तसंच. तिसऱ्या ग्रुपचं भोक इतकं गोल होतं की मी तो कागद घरी नेऊन आईला दाखवला. ती म्हणाली, "एवढ्याशा भोकासाठी पाच आठवडे?" मी हो म्हणालो.

त्या लॉटचे मिळतील तेवढे, बारा डबे, मी घेऊन ठेवले. दोन महिन्यांची बचत गेली. एकाच लॉटचा साठा पुढच्या वेळी मिळेलच असं नसतं.

रायफलचं काम थोडक्यात उरकलं. नळी आणि लाकूड जोडणारे स्क्रू ढिले निघाले, ते टॉर्क रेंचने आवळले. हवा ७० बारच्या खाली गेली की माझ्या रायफलचे शॉट खाली बसू लागतात, म्हणून आता १०० ला पुन्हा भरतो. सोलापूरच्या एप्रिलमध्ये पारा बेचाळीसच्या वर जातो, तेव्हा भरलेला सिलिंडर उन्हातल्या गाडीत कधीही ठेवत नाही. सेकंडहँड रायफल घेणाऱ्यांनी सिलिंडरवरची तारीख नक्की बघावी. स्पर्धेत दहा वर्षांपेक्षा जुना सिलिंडर चालत नाही, आणि नवा स्वस्त नाही.

हे सगळं झाल्यावर सरांनी वही हातात दिली. प्रत्येक शॉटनंतर स्क्रीनकडे बघण्याआधी शॉट कुठे गेला असेल ते, दिशा घड्याळाच्या तबकडीप्रमाणे, लिहायचं : 'तीन वाजता, १०.२'. मग स्क्रीन बघायची. जुन्या छर्‍यांनी हे जमलंच नसतं, कारण माझा अंदाज बरोबर असला तरी छर्रा दुसरीकडे जायचा. आता अंदाज आणि स्क्रीन जुळू लागले. खांदा कधी ढिला पडतो, ट्रिगर कधी ओढला जातो, हे पहिल्यांदाच शॉटमध्ये दिसू लागलं.

डिसेंबरात बालेवाडीला मॅच खेळलो. ६१३.७. एकूण दोनच शॉट नऊमध्ये गेले. एक्केचाळिसावा ९.४ होता. रायफल खाली घेतली आणि स्क्रीनकडे न बघता वहीत लिहिलं : 'नऊ वाजता, ओढला, ९.५'.