वरच्या मजल्यावरचे

काल दुपारी खारी चहात बुडवली आणि लक्षात आलं की आपण आत्ता आमेन म्हणालो. म्हणजे प्रार्थना झाली. कधी झाली ते मात्र आठवेना, कारण अंगठ्यानं मोबाईल सरकवणं चालूच होतं. तोवर अर्धी खारी कपाच्या तळाशी.

आमच्याकडे खाण्याआधी प्रार्थना म्हणजे दारात चप्पल काढण्यासारखं, सांगावं लागत नाही. हे सगळं आजोबांचं काम. पुण्यात गुरुवार पेठेत पंचहौद चर्चची घंटा ऐकू येईल एवढ्या अंतरावर दोन खोल्या (हो तेच पंचहौद, 1890 साली तिथल्या मिशनमध्ये चहा घेतला म्हणून टिळक-रानड्यांसकट बऱ्याच जणांवर ग्रामण्य, म्हणजे जातबहिष्काराचा खटला, झालं होतं, आमच्या भागातला चहा तसा महागच) आणि रात्री आठला कौटुंबिक प्रार्थना. लाईट गेले तरी आठ, पाहुणे आले तरी आठ. आजोबांची प्रार्थना म्हणजे एसटीचा लाल डब्बा, एकही थांबा चुकवणार नाही, पाळकसाहेब, आजारी माणसं, पंतप्रधान, नगरची आत्या, आमची वार्षिक परीक्षा, आणि इकडे बोंबलाच्या कालवणाचा वास नाकात. शेवटचा थांबा ठरलेला, "आणि प्रभू, वरच्या मजल्यावरच्यांनाही सांभाळ."

मला कित्येक वर्षं वाटायचं हे देवदूतांबद्दल आहे. त्यांना कशाला सांभाळायचं? पण डोळे मिटलेले असताना विचारणार कसं.

ते आजोबांचे सख्खे धाकटे भाऊ होते. नळाच्या पाण्यावरून कायतरी झालेलं, तेव्हापासून बोलणं बंद. मध्ये सतरा पायऱ्या. मी मोजल्यात, कारण नाताळात आजीच्या करंज्या वर पोचवायचं काम माझ्याकडे होतं.

लूकच्या शुभवर्तमानात येशू 'आपल्या परिपाठाप्रमाणे' शब्बाथ दिवशी सभास्थानात गेला असं आहे. आमच्या शाळेत परिपाठ म्हणजे सकाळचं रांगेत उभं राहणं, प्रतिज्ञा, सुविचार, त्यामुळे येशूही रांगेत हात पुढे करून उभाय असंच डोळ्यांसमोर यायचं, बरं वाटायचं. पुढे बायबलमधल्याच इब्री लोकांच्या पत्रात उलटं सापडलं, तिथे एकत्र न जमण्याचीही काही जणांची चालच पडलीय. म्हणजे जायची सवय लागते तशी न जायचीही लागते, आणि आमच्या घरात दोन्ही एकाच माणसाला होत्या. आजोबांचा एक रविवार चुकला नाही. धाकट्या आजोबांचाही नाही. एक डावीकडच्या बाकावर, एक उजवीकडच्या. मत्तयच्या पाचव्या अध्यायातलं ते, अर्पण वेदीपाशीच ठेव आणि आधी जाऊन भावाशी समेट कर, हे वाचलं जायचं तेव्हा दोघंही माना डोलवायचे, मी स्वतः पाहिलंय.

मला वाटतं रोज नाव घेतल्यामुळे आजोबांना वर जाऊन आल्यासारखंच वाटत असणार.

असो. खारी चमच्यानं काढली, लगदा झालेला. कालची प्रार्थना आठवत नसली तरी तिच्यात काय होतं ते मला माहितीये, रोज तेच असतं. आई, मुलं, ऑफिस, आणि शेवटी दादाला सांभाळ. दादा हडपसरला राहतो. बसनं पाऊण तास, ट्रॅफिक धरून.