पुढच्या स्प्रिंगा बदलल्या: एका रविवारचं काम, गेले तीन

गाडी २०१३ ची पेट्रोल हॅचबॅक, १ लाख १८ हजार किलोमीटर झालेली. मॉडेलचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाव आलं की स्प्रिंग राहते बाजूला आणि पत्रा जाड का पातळ यावर भांडणं सुरू होतात. घर साताऱ्यात गोडोलीत, नोकरीला रोज मेढ्याला जाऊन-येऊन, आणि पावसाळ्यात पाहुणे आले की कास नाहीतर ठोसेघर ठरलेलंच, त्यामुळे चिखल, खड्डे आणि घाट या गाडीने पोटभर खाल्लेत.

आवाज मागच्या पावसाळ्यापासून होता. उभ्या गाडीत स्टेअरिंग फिरवलं की डावीकडून टंग्, जाड तार कुणीतरी ओढून सोडावी तसा, आणि स्पीड ब्रेकरवरून उतरताना खट्ट. गॅरेजवाल्याने आधी लोअर आर्मचे बुश सांगितले, बदलले, आवाज तसाच. मग टाय रॉड एंड, तेही बदलले, आवाज तसाच. तिसऱ्या वेळी म्हणाला स्प्रिंगा बसल्यात, वेढ्यांच्या मधे रबरी बफर टाकून देतो, गाडी उचलंल. तिथं मात्र मी हात जोडले आणि गाडी घरी आणली.

शेजारचे काका एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेत. त्यांना आवाज ऐकवला तर गाडीखाली वाकायच्या आधीच म्हणाले, "टेप हाय का घरात? मोज की आधी." मग गाडी सपाट फरशीवर घेतली, हवा दोन्हीकडे सारखी केली आणि चाकाच्या मध्यापासून वरच्या फेंडरच्या कडेपर्यंत मोजलं. उजवीकडे ३७.१ सेंटीमीटर, डावीकडे ३५.४. दीड-पावणेदोन सेंटीमीटरचा फरक! वर्षभर मी ही गाडी धुतोय आणि डोळ्याला काही दिसलं नव्हतं. स्टेअरिंग पूर्ण फिरवून टायरच्या मागे मोबाईल घातला, टॉर्च लावून व्हिडिओ घेतला तर स्प्रिंगच्या खालच्या वाटीत नुसता वाळका चिखल. पाइप लावून धुतलं आणि मग दिसलं, सगळ्यात खालचा वेढा टोकापासून चारेक बोटांवर तुटलेला, आणि तुटकं टोक वाटीतच अडकून बसलेलं. तुटल्या जागी निम्मा भाग गंजून काळा, निम्मा घासून घासून चकचकीत, म्हणजे हे काही कालपरवा तुटलेलं नव्हतं.

खालीच का तुटते याचं उत्तर त्या वाटीतच आहे. वाटीत खडी-माती साठते, ती वेढ्याच्या खाली घासत राहते, रंग निघतो, पाणी लागतं, गंजाचा बारीक खड्डा पडतो. आता कॉइल स्प्रिंग दाबली जाते असं आपण म्हणतो पण तिची तार खरं तर पिळली जाते आणि पिळाचा ताण तारेच्या आतल्या गाभ्यात नाही, पृष्ठभागावर सगळ्यात जास्त असतो. त्यामुळे वरवर दिसणारा चिमूटभर खड्डासुद्धा पुरतो, लाखो वेळा पिळ बसला की तिथूनच तडा आत जातो. आणि म्हणूनच बफरला नाही म्हटलं. बफर एक-दोन वेढे काम करायचे थांबवतो, मग तेवढ्याच उसळीला उरलेल्या वेढ्यांना जास्त पिळावं लागतं. गाडी दिसायला उचलली असती आणि तुटकी स्प्रिंग तशीच आत राहिली असती.

सामान असं घेतलं: दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगा, दोन्ही टॉप माउंट (शॉकअपला वरून बॉडीशी धरतात ते), दोन्ही बेअरिंग, बंप स्टॉप (शॉकअप तळाला आदळू नये म्हणून असतो तो ठोकळा), धुळीचे बूट. एकच स्प्रिंग बदलायचा मोह मलाही झाला होता पण जुनी उजवीकडची दहा वर्षं दबलेली, नवी डावीकडची ताठ, मग गाडी आयुष्यभर तिरकी. शॉकअप दोन वर्षांपूर्वीच बदललेत, तेल गळत नाही, ते ठेवले. सगळं मिळून ५,६०० रुपये. स्प्रिंग कंप्रेसर, म्हणजे स्प्रिंग दाबून धरायचं अवजार, १,४०० चा वेगळा, त्याचा हिशेब घरात अजून दिलेला नाही.

कंप्रेसरबद्दल जरा थांबून लिहितो. गाडी साडेनऊशे किलोच्या आसपास, निम्म्याहून जास्त वजन पुढे, म्हणजे उभ्या गाडीत एकेका पुढच्या स्प्रिंगवर अडीचशे किलोच्या घरात भार. चाक हवेत लटकलं तरी स्प्रिंग मोकळी होत नाही, शॉकअपच्या वरच्या मधल्या नटाने ती दाबूनच धरलेली असते. तो नट कंप्रेसर न लावता काढला तर माउंट गोळीसारखं सुटतं. काकांनी दोनदा बजावलं, "त्या नटाच्या म्होरं तोंड न्यायचं नाय, आन घाई करायची नाय." दोन्ही हुक समोरासमोर लावायचे, आट्यांना ग्रीस, आणि चार आटे इकडे चार आटे तिकडे असं हातानेच आवळायचं. इम्पॅक्ट गन (नट झटक्याने आवळायचं मशीन) असेल तर ती घरात ठेवून या. स्प्रिंग वाटीत हाताने फिरायला लागली की मगच मधला नट. मी तर वरून एक जाड सुती दोर पण गुंडाळला होता, काका हसले, हसू देत.

पहिला रविवार. मुद्दाम चांगली उजवी बाजू आधी घेतली, नीट बसलेली स्प्रिंग कशी दिसते ते कळावं म्हणून. मागच्या चाकांना विटा, पुढे जॅक, आणि जॅकवर भरवसा न ठेवता खाली स्टँड. ब्रेक पाइपचा ब्रॅकेट आणि एबीएसची वायर शॉकअपवरून सोडवली. नकलला (चाक ज्यावर बसतं तो भाग) धरणारे दोन बोल्ट काढायच्या आधी त्यांच्या भोवती पांढऱ्या मार्करने खूण केली, कारण त्या भोकातल्या थोड्याशा ढिलाईनेही कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेर कल, बदलतो. बोल्ट निघाले की नकल बाहेर झुकतो, तो ब्रेक पाइपवर लोंबकळू द्यायचा नाही आणि बाहेर ओढला तर ड्राइव्ह शाफ्टचा आतला जॉइंट निसटू शकतो, म्हणून तारेने बांधून ठेवला.

इथपर्यंत मी स्वतःवर खूश होतो. मग लिंक रॉडचा नट (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या बारला शॉकअपशी जोडणारी छोटी दांडी). नट फिरवला की आतला बॉल सोबत फिरतो, तो धरायला मधे अॅलन कीचं भोक असतं, त्या भोकात गंज होता, अॅलन की घातली आणि भोकाच्या कडा गोल झाल्या. डब्ल्यूडी फोर्टी मारून चहा प्यायलो, परत मारून जेवलो, नट हलायचं नाव नाही. शेवटी ब्रेक पाइपवर ओलं फडकं टाकून ग्राइंडरने कापला. आता नवीन लिंक रॉड पाहिजेत आणि रविवारी पोवई नाक्यापासून सगळी पार्टची दुकानं बंद. उरलेलं खोलून ठेवलं, गाडी स्टँडवर, आणि आठवडाभर मेढ्याला एसटीने. जोडीचे ९०० रुपये वाढले. तुम्ही हे काम काढणार असाल तर लिंक रॉड आधीच आणून ठेवा, नाही लागले तर परत करता येतात.

खोलल्यावर जे निघालं त्याने मात्र डोकं फिरलं. दोन वर्षांपूर्वी जिथं शॉकअप बदलले (आत्ताचं नाही, दुसरं गॅरेज) तिथं नवीन शॉकअपवर जुनंच माउंट, जुनंच बेअरिंग आणि जुनाच बंप स्टॉप चढवलेला. बंप स्टॉप हातात घेतला तर शेंगदाण्याच्या कुटासारखा झाला. बूट फाटलेला. बेअरिंग बोटाने फिरवलं तर खर्रर्र, आणि आतून तांबडं पाणी.

हे बेअरिंग दिसायला किरकोळ, पण या प्रकारच्या सस्पेन्शनचा अर्धा जीव त्यात आहे. इंजिनिअर अर्ल मॅकफर्सनची ही रचना, १९५० च्या लंडन मोटर शोमध्ये फोर्डने कॉन्सुल या गाडीत आणली आणि आज आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे हीच असते. यात स्प्रिंग, शॉकअप आणि चाक वळायचा आस हे सगळं एकाच खांबात आहे, म्हणजे स्टेअरिंग फिरवलं की अख्खी स्प्रिंग फिरते आणि तिला वरून मोकळं फिरू देणारं एवढं एकच बेअरिंग. ते जाम झालं की स्प्रिंग आधी पिळ खाते आणि मग एकदम सुटते, टंग्! माझा एक आवाज हा होता. दुसरा, खट्टवाला, तुटक्या टोकाचा. दोन वेगळे आवाज आणि मी वर्षभर एकच आवाज म्हणून शोधत होतो.

दुसरा रविवार. उजवी बाजू नवीन सामान घालून तासाभरात बसली. मधला नट काढताना-लावताना शॉकअपचा शाफ्ट फिरू नये म्हणून वरून अॅलन कीने धरायचा, शाफ्टला पकड लावायची नाही, ओरखडा पडला की तोच सील फाडतो आणि शॉकअप गळायला लागतो. डावीकडे नट मुकाट्याने निघाला, तुटकी स्प्रिंग बाहेर आली, नवी बसली, अंधार पडायच्या आत चाकं लागली. सगळे बोल्ट मॅन्युअल बघून टॉर्क रेंचने.

संध्याकाळीच समर्थ मंदिरावरून यवतेश्वरचा घाट चढलो. पहिल्या दोन वळणांत गाडी इतकी शांत की मीच रेडिओ बंद करून ऐकत होतो. तिसऱ्या वळणाला डावीकडून टक्. पुढच्या वळणाला परत टक्. घाटात गाडी बाजूला घेऊन खाली वाकलो तेव्हा काय वाटलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

चूक माझीच. खालच्या वाटीत एक पायरी असते, स्प्रिंगचं टोक त्या पायरीला जाऊन टेकायला पाहिजे. उजवीकडे दिवसा उजेडात बघून बसवलं होतं, डावीकडे घाईत टोक बोटभर अलीकडेच राहिलं होतं, कंप्रेसर सोडताना स्प्रिंग थोडी फिरली असणार. वळणावर भार आला की ती पायरीकडे सरकायची आणि टक् करायची. काकांना फोन केला तर एवढंच म्हणाले, "घाई करू नगं म्हणलं हुतं."

तिसऱ्या रविवारी डावी बाजू परत सगळी खोलली. या वेळी कंप्रेसर सोडताना मुलाला टॉर्च घेऊन टोकाकडे बघत बसवलं, पण दोन हात लांब आणि बाजूला, नटाच्या रेषेत नाही. टोक हलायला लागलं की त्याने ओरडायचं, मी थांबून स्प्रिंग फिरवून घ्यायची. पोराने काम चोख केलं, वर मला दोनदा विनाकारण थांबवलं.

सोमवारी अलाइनमेंट. मार्करच्या खुणा जुळवूनही टो (चाकं सरळ समोर बघतात का आत-बाहेर वळलेली, ते) बराच हललेला होता, कॅम्बर मात्र हद्दीत. म्हणजे हे टाळून चालत नाही, नाहीतर नवीन टायर दोन-तीन महिन्यांत एका कडेने खाल्ले जातील.

आठवड्याने, साडेतीनशे किलोमीटर झाल्यावर परत टेप लावली. बसवल्या दिवशी दोन्हीकडे ३८.४ होतं, आता उजवीकडे ३८.०, डावीकडे ३७.९. स्प्रिंगा जरा बसणारच. स्टेअरिंग वळणातून आपोआप सरळ येतंय, आधी ते हाताने आणावं लागायचं आणि मी पॉवर स्टेअरिंगला दोष देत होतो. अण्णा मागे बसतात, गुडघ्यांचा त्रास आहे, ते पोवई नाक्यावरून जाताना म्हणाले, रस्ता नवीन केला वाटतं. रस्ता तोच आहे.

राहिलेलं काम: मागच्या एक्सलचे बुश, ते डिसेंबरात बघू. जुन्या स्प्रिंगा भंगारात घालणार होतो पण काका घेऊन गेले, त्यांच्या गावाकडचा लोहार त्यातून छिन्न्या करून देतो म्हणे. तुटका चार बोटांचा तुकडा तेवढा मी ठेवलाय, टूलबॉक्सच्या झाकणात.