मेंटॉर

आज ऑफिसात नव्या पोरांना 'मेंटॉर' वाटले. माझ्या वाट्याला आलेल्या मुलीने पहिलाच प्रश्न टाकला, "मॅडम, मेंटॉरने नक्की करायचं काय असतं?"

मला ग्रीक कवी होमरच्या 'ओडिसी' या महाकाव्यातला मूळ मेंटॉर आठवला. त्याचा नायक, राजा ओडिसियस, ट्रॉयच्या युद्धावर निघताना घरदार या मित्राच्या भरवशावर सोडून जातो. वीस वर्षांनी परततो तर काय, बायकोशी लग्न करायला टपलेले १०८ जण घरात ठाण मांडून बसलेत आणि त्याचीच गुरं-डुकरं कापून खातायत! तो परतण्याआधी मेंटॉर भर सभेत एकदा तळमळून बोलतो खरा, पण त्याला तिथल्या तिथे गप्प करतात. पोराला, टेलेमाकसला, धीर देऊन बापाच्या शोधात जहाजावर चढवते ती अथेना देवी, मेंटॉरचं रूप घेऊन. म्हणजे काम बाईचं, नाव बुवाचं. (चालायचंच.)

'मार्गदर्शक' हा अर्थ रुळला तो पुष्कळ नंतर, मुख्यतः फेनेलाँ या फ्रेंच लेखकाच्या १६९९ मधल्या टेलेमाकसवरच्या कादंबरीमुळे.

हे सगळं तिला कुठे ऐकवत बसू? म्हटलं, शुक्रवारी चारला भेटू. आणि लॅपटॉप अजून मिळाला नसेल तर आधी आयटीवाल्यांच्या मागे लाग.