इंजिन क्रमांकाचा रकाना

लहान नाव समुद्रात न्यायच्या परवानगीसाठी जो अर्ज असतो, त्याच्या दुसऱ्या पानावर एक रकाना आहे, 'इंजिनाचा क्रमांक व अश्वशक्ती'. त्या एका रकान्यानं माझे चार महिने खाल्ले. कोकणच्या समुद्रावर लहान नाव नेण्याजोगे महिने वर्षाला जेमतेम सहा असतात, त्यातले चार. ती चीड अजून गेलेली नाही.

आमची नाव म्हणजे सोळा फुटांची उघडी शिडाची डिंगी. वर छप्पर नाही, केबिन नाही, इंजिन नाही. एक डोलकाठी, दोन शिडं, दोन वल्ही. मी आणि माझा धाकटा भाऊ, आम्ही ती नाशिकच्या सातपूरला भाड्याच्या शेडमध्ये मरीन प्लायवूड आणि इपॉक्सीनं बांधली. पंचवटीतले एक मिस्त्रीकाका रविवारी येऊन फळ्यांना बाक द्यायला मदत करायचे. कोकण किनाऱ्यानं मालवणपर्यंत जायचं, रात्री नावेतच झोपायचं, असं ठरलं होतं.

हे वेड फ्रँक डाय या इंग्रज माणसामुळे लागलं. त्याची 'वॉन्डरर' आमच्या नावेएवढीच होती, वेफेअरर जातीची, पंधरा फूट दहा इंच. तिच्यातून तो १९६३ मध्ये स्कॉटलंडहून आइसलंडला गेला आणि १९६४ मध्ये नॉर्वेला. नॉर्वेच्या वाटेवर वादळात नाव उलटली, डोलकाठी मोडली, तरी तो आणि त्याचा जोडीदार नाव घेऊनच पोहोचले. ती नाव आज इंग्लंडमधल्या फालमथच्या संग्रहालयात आहे. डोलकाठी आडवी करायची, नाळेवरून, म्हणजे नावेच्या पुढच्या टोकावरून, कापडी समुद्री नांगर सोडायचा, म्हणजे नावेचं तोंड लाटेकडे राहतं, आणि ताडपत्रीखाली पडून वारा उतरायची वाट बघायची, ही त्याची रीत. आम्ही ती गंगापूर धरणावर पुन्हा पुन्हा करून पाहिली. नाव मुद्दाम उलटवून सरळ करायचा सराव तर इतका केला की भाऊ झोपेतही करील. धरणावरचा वारा डोंगरांमुळे सारखा फिरतो, शिकायला तो बरा.

आता अर्ज. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात कोकणातल्या एका बंदर कार्यालयात गेले. रात्रीची एसटी, कसारा घाट, मग पुढे दुसरी गाडी. खिडकीवरच्या साहेबांनी अर्ज उलटला आणि विचारलं, "इंजिन?" म्हटलं, "नाही. शिडावर चालते." त्यांनी अर्ज परत सरकवला. "रकाना रिकामा चालत नाही."

दुसऱ्या खेपेला रकान्यात 'लागू नाही' असं लिहून नेलं. तेव्हा प्रकार विचारला. मासेमारी, प्रवासी, माल? यातलं काहीच नाही म्हटल्यावर साहेब म्हणाले, "मग मॅडम, समुद्रात कशाला जायचंय?" मी म्हटलं, शीड हाकत मालवणला जायचंय. त्यांनी माझा पत्ता वाचला. "नाशिकला समुद्र कुठे आहे?" मागच्या रांगेतले दोघे हसले. मला ते हसू फार लागलं. पावणेदोन वर्षं रात्री सँडपेपर घासून बोटांची सालं निघाली होती, आणि समोरचा माणूस नावेचा फोटोसुद्धा बघत नव्हता.

तिसऱ्या खेपेला बांधणीच्या यार्डाचा दाखला मागितला. यार्ड कुठलं, आम्हीच बांधली. एका वरिष्ठांकडे पाठवलं. ते शांतपणे बोलले, पण म्हणाले की एवढी लहान उघडी नाव समुद्रात टिकतच नाही. मी त्यांना विल्यम ब्लाय या इंग्रज कप्तानाचं उदाहरण दिलं. १७८९ मध्ये बंड करून खलाशांनी त्याला तेवीस फुटी उघड्या होडीत सोडून दिलं, होडीत एकोणीस माणसं, आणि तो सुमारे ३६०० सागरी मैल जाऊन तिमोर बेटावर पोहोचला. साहेब म्हणाले, "ती गोष्ट वेगळी." अर्ज तिथेच राहिला. बाहेर धक्क्यावर जाळं विणत बसलेल्या एका काकांना मी रडवेली दिसले असेन. त्यांनी चौकशी केली आणि म्हणाले, "ताई, माझा आजा शिडाच्या होडीनं मुंबईला जायचा. त्याला कुठलं इंजिन?"

एक सांगते, कागद नको असं माझं म्हणणं अजिबात नाही. २००८ मध्ये हल्लेखोर समुद्रातूनच आले होते. तेव्हापासून प्रत्येक मच्छीमार कागद जवळ ठेवतो आणि जागोजागी थांबून दाखवतो. आम्हीही दाखवलाच पाहिजे. राग याचा आहे की नाही म्हणायचं तर कारण लिहून द्या, पण कुणी लिहून देत नव्हतं. तीन खेपांत माझ्या हातात एक ओळही पडली नव्हती. ही चूक माझीसुद्धा. पहिल्याच दिवशी अर्ज आवक-जावक टेबलावर देऊन शिक्का मारलेली पोच घ्यायला हवी होती, खिडकीवर तोंडी बोलायचंच नव्हतं.

डिसेंबरमध्ये तसं केलं आणि सोबत पत्र जोडलं, 'त्रुटी लेखी कळवाव्यात.' तीन आठवड्यांनी उत्तर आलं. त्यात एकच त्रुटी होती, सर्वेक्षकाचा अहवाल नाही. एवढंच! मुंबईहून एक स्वतंत्र सर्वेक्षक आले. त्यांनी सातपूरला नावेची मापं घेतली, सांधे ठोकून पाहिले, मग धरणावर नाव काठोकाठ पाण्यानं भरून आम्हाला दोघांना आत बसवलं. हवेच्या बंद कप्प्यांमुळे ती तरंगत राहिली. अहवालात त्यांनी लिहिलं, 'चालनाचे साधन: शीड व वल्ही.' तो शब्दच्या शब्द मी इंजिनाच्या रकान्यात उतरवला. ११ फेब्रुवारीला कागद मिळाला. मी जिन्यातच बसून भावाला फोन केला, आणि आम्ही दोघंही बराच वेळ काही बोललो नाही.

म्हणून ज्यांना जायचं असेल त्यांनी आधी सर्वेक्षक गाठावा, मग कार्यालय.

व्हीएचएफ संच, म्हणजे नावेवरून बोलायचा रेडिओ, त्यालाही परवाना लागतो, तो अर्ज बांधणी चालू असतानाच टाकून ठेवा. उपग्रह फोन किंवा उपग्रहावरून निरोप पाठवणारं यंत्र परदेशातल्या मित्राकडून मागवून परवानगीशिवाय नावेत ठेवू नका, आपल्याकडे त्यावरून अटक होते. संकटात उपग्रहामार्फत बचाव पथकाला इशारा देणारं आपत्कालीन बीकन मात्र घ्या आणि बंगळूरुच्या इस्रोच्या केंद्रात त्याची नोंद करा. तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३, हे दोन आकडे आम्ही आतल्या फळीवर रंगानं लिहिले होते.

प्रवास आठ दिवसांत झाला. पहाटे मतलई वारा जमिनीकडून येतो, त्यावर खाडीतून बाहेर पडायचं. दुपारी तो पडतो, तासभर वल्ही. मग वायव्येचा खारा वारा सुटतो आणि दक्षिणेला जाणाऱ्याला पाठीशी मिळतो. जयगडच्या बाहेर दुपारी तो इतका वाढला की मोठं शीड दोनदा आखडलं, तरी नाव सुसाट चालली होती. भाऊ सुकाणूवर मोठमोठ्यानं गात होता. खाडीच्या तोंडाशी ओहोटी आणि तिच्या उलट समुद्राकडून वारा असेल तर आत शिरू नका, लाटा उभ्या राहतात. आम्ही बाहेरच नांगर टाकून भरतीची वाट पाहिली.

पाणी माणशी रोज तीन लिटर धरा. एकच मोठा कॅन नको, लहान लहान घ्या आणि प्रत्येक बांधून ठेवा. आणि बादली! पंप बिघडतो, बादली बिघडत नाही.

देवगडला सागरी पोलिसांनी थांबवलं. हवालदारसाहेबांनी कागद पूर्ण वाचला, इंजिनाच्या रकान्यावर बोट ठेवलं, नावेकडे पाहिलं, आणि विचारलं, "शिडावर आलात? राहणार कुठले?"

"नाशिकचे," मी म्हटलं. त्यांनी आम्हाला चहा पाजला आणि मालवणजवळ पाण्याखालचे खडक कुठे कुठे आहेत ते कागदावर काढून दिलं. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास तो कागद भावानं दातात धरून ठेवला होता.

पुढच्या हंगामाचा अर्ज परवा दिला. पोच घेतली आहे.