तेह्योंगच्या वाढदिवसाला सोलमध्ये

३० डिसेंबर २०२३. सोलमध्ये सकाळपासून बर्फ पडत होता आणि हाँगदेच्या एका गल्लीत मी कॅफेबाहेरच्या रांगेत उभी होते. बीटीएस या कोरियन पॉप बँडमधल्या व्हीचा, म्हणजे आमच्या किम तेह्योंगचा, अठ्ठाविसावा वाढदिवस. तो स्वतः मात्र नॉनसानला लष्करी प्रशिक्षण घेत होता. ११ तारखेलाच भरती झाला. कोरियात तरुणांना लष्करी सेवा सक्तीची. भूदलात गेलात तर १८ महिने.

हे वाढदिवसाचे कॅफे कुठली कंपनी भरवत नाही. चाहतेच खर्च करून दोन-चार दिवसांसाठी एखादा कॅफे सजवतात. आपण कॉफी घ्यायची; कपाभोवती त्याचा फोटो छापलेली कागदी पट्टी मिळते, सोबत एखादं फोटोकार्ड. तो येणार नाही हे रांगेतल्या प्रत्येकीला ठाऊक असतं. कॉफी साडेसहा हजार वॉनची, आपले चारशेच्या वर, पण एकीनेही कुरकुर केली नाही.

माझ्या अंगावर साधं जॅकेट आणि त्यावर आईची जांभळी शाल. आदल्या रात्री दोंगदेमुनच्या बाजारात तेह्योंग घालतो तसा लांब, सैल कोट घ्यायला गेले होते. तिथल्या एका दुकानात कपडा अंगावर घालून बघूच देत नाहीत आणि सगळं फ्री साइझ. ही फ्री साइझ नेमकी कुणाच्या मापाची? बाईने माझ्या खांद्यांकडे एकदा पाहिलं आणि नुसती मान हलवली. पडद्यावर इतकी सैल दिसणारी ही फॅशन दुकानात भलतीच आखूड निघते. फार राग आला होता मला.

तर रांगेत पायाची बोटं बधिर झालेली. पुढच्या बाईंनी वळून पाहिलं. पन्नाशीच्या असाव्यात. खिशातून हॉटपॅकची पुडी काढून त्यांनी ती जोरजोरात हलवली, माझ्या तळव्यावर ठेवली आणि स्वतःच्या दोन्ही हातांनी माझी मूठ मिटवली. मग शालीच्या काठावरून बोट फिरवून म्हणाल्या, "बोराहे."

हा शब्द तेह्योंगनेच २०१६ मध्ये चाहत्यांपुढे घडवला. बोरा म्हणजे जांभळा. इंद्रधनुष्यातला शेवटचा रंग, म्हणून शेवटपर्यंत विश्वास आणि माया. साताऱ्यात बसून हजार वेळा टाइप केलेला तो शब्द माझ्याकडे बघून कुणी पहिल्यांदाच उच्चारला होता. मला रडू आलं.

पुढचं सगळं बोलणं पापागो या भाषांतराच्या ॲपवर, फोनची देवाणघेवाण करत. बाई डेगूच्या, तेह्योंगच्याच गावच्या. सकाळच्या केटीएक्सने, म्हणजे वेगवान रेल्वेने आलेल्या. त्यांचा मुलगाही लष्करात, गांगवोन प्रांतात. तो गेल्यापासून घर गप्प झालं, म्हणून त्या ही गाणी लावू लागल्या. मी लिहिलं, माझा दादाही फौजेत आहे. त्याच्या ट्रेनिंगच्या वेळी आई कॅलेंडरवर रोज एक फुली मारायची. ते वाचून त्यांनी माझा दंड घट्ट धरला तो कॉफी हातात येईपर्यंत सोडला नाही.

बाकी पाच दिवसांत नामसानची टेकडी झाली आणि हानबोक, म्हणजे कोरियन पारंपरिक पोशाख, भाड्याने घेऊन ग्योंगबोकगुंग राजवाडाही पाहिला. हानबोक घातला की राजवाड्याचं तिकीट लागत नाही. छान होतं.

वाढदिवसाच्या त्या संध्याकाळी बाई आणि मी हाँगदेहून एकाच मेट्रोने सोल स्टेशनपर्यंत गेलो. डब्यात त्यांनी फोनवरचं ॲप दाखवलं. मुलगा सुटायला किती दिवस उरले ते मोजणारं. मुलाचे ९४. त्याखाली त्यांनी तेह्योंगचंही नाव घातलेलं: ५२८. दोन्ही आकडे मला मराठीत म्हणायला लावले, स्वतःही म्हणून पाहिले. मग फोन पुढे केला. पापागोवर लिहिलं होतं, "तुझ्या भावाचे किती?"

दादाच्या नोकरीची अजून अकरा वर्षं आहेत. मी लिहिलं, "मार्चमध्ये सुट्टीवर येतोय."