वारझाझात: गेट बघायला ६०० दिरहम देऊ नका

आधी कामाचं. मोरोक्कोतल्या वारझाझातचा नूर सौरप्रकल्प ‘आतून दाखवतो’ असं कोणी म्हणालं, तर परवानगीचा कागद मागा. कागद नसेल तर पुदिन्याचा चहा प्या आणि उठा. आम्ही उठलो नाही.

माझा सांगलीकडे गच्च्यांवर पॅनेल बसवायचा धंदा. मोरोक्कोचं ठरलं तेव्हा घरच्यांच्या यादीत बाजार, उंट आणि वाळूचे डोंगर होते, माझ्या यादीत फक्त नूर. चार भाग मिळून ५८० मेगावॅट. पहिला भाग २०१६ च्या फेब्रुवारीत राजे मोहम्मद सहावे यांनी सुरू केला. घरच्यांना मराकेशला सोडून मी आणि मेहुणा निघालो.

मराकेश ते वारझाझात रेल्वे नाही. बसने सुमारे २०० किलोमीटर, चार तासांच्या वर. मध्ये तिझी न’तिश्का हा २,२६० मीटर उंचीचा घाट. लोक त्याचा फार बाऊ करतात. वरंध घाट उतरलेल्या माणसाला काही वाटत नाही. मेहुण्याला वाटलं, तो दोनदा ओकला. ऐत बेनहद्दू हे मातीच्या जुन्या घरांचं तटबंदीचं गाव वाटेत आहे, चांगलं आहे, सगळे लिहितात त्यावर.

आता टॅक्सी. मुक्कामाच्या ठिकाणी एक जण भेटला. आम्ही भारतीय कळताच ‘शाहरुख!’ म्हणून मिठी मारली. ही हाक आली की भाव दुप्पट झाला समजा. गाडी, वाटाड्या आणि ‘आत ओळख’ मिळून ६०० दिरहम, म्हणजे आपले पाच हजारांच्या वर. मी घासाघीस केली नाही, कारण ‘आत ओळख’ या दोन शब्दांवर मी भाळलो होतो.

हिशोब नीट समजून घ्या. गावातल्या छोट्या टॅक्सीला हद्दीबाहेर जाता येत नाही. बाहेर जाते ती मोठी टॅक्सी, सहा सीटची, आणि भाडं सीटवर असतं. आम्हाला पुढे स्कूरा या गावाला, म्हणजे नूरपेक्षा बऱ्याच लांब, सीटमागे २० पडले. अख्खी गाडी केली तरी १२०. नूर गावापासून जेमतेम दहा किलोमीटर. बाकीचे पैसे कशाचे, ते तुम्हीच ठरवा.

गेटावरचा पहारेकरी सभ्य होता. पत्र आहे का, एवढंच त्यानं विचारलं. आधी लेखी अर्ज करून परवानगी आणावी लागते, आणि त्यात त्याची काही चूक नाही. आमचा ‘ओळखवाला’ फोन लावत लावत बाजूला झाला. मग चालक म्हणाला, थांबायचे आणखी १५०. मी नाही म्हटलं. तो गाडी वळवून निघूनच गेला.

तिथून महामार्गाच्या फाट्यापर्यंत आम्ही चालत आलो, आणि त्या पायपिटीबद्दल मला सविस्तर बोलायचं आहे. सप्टेंबरची दुपार. दगडगोट्यांचं माळरान, एक झुडूप नाही, सावलीला विजेचा खांब. वारा भट्टीतून आल्यासारखा. सव्वा तास. माझ्या बाटलीतलं पाणी चहासारखं गरम झालं. मेहुणा अर्ध्या वाटेनंतर माझ्याशी बोलायचाच बंद झाला. हे कुणीही करू नये. तब्येत ठणठणीत असली तरी.

पण मागे वळून पाहिलं की नूरच्या तिसऱ्या भागाचा तो मनोरा. सुमारे अडीचशे मीटर उंच, भोवती ७,४०० आरसे, आणि टोक असं पेटलेलं की दुसरा सूर्य. हवेतल्या धुळीत प्रकाशाचे पट्टे दिसतात. आरशांचं ऊन टोकावर एकवटतं, तिथे वितळलेलं मीठ ५६५ अंशांपर्यंत तापतं, ते टाकीत साठवायचं आणि सूर्य मावळल्यावरही सात तास त्याच्या उष्णतेनं पाण्याची वाफ करून टर्बाइन फिरवायचं. आमच्या पॅनेलला हे जमत नाही. उलट त्यांना आमची स्वस्ताई जमत नाही, म्हणून तर चौथा भाग साध्या पॅनेलचा केला.

महत्त्वाचं: हा मनोरा गावातल्या गच्चीवरूनही दिसतो, फुकट. सकाळी टोक पेटलेलं दिसलं तरच पुढे जा. २०२४ मध्ये मिठाच्या टाकीला गळती लागून हा मनोऱ्याचा भाग बरेच महिने बंद होता, तेव्हा नुसता खांब बघून लोक परतले असणार.

फाट्यावर पहिली टॅक्सी स्कूराची मिळाली, म्हणून स्कूराला गेलो, आणि मला जे बघायचं होतं ते तिथे होतं. खजुरांच्या वाडीत, मातीच्या घराशेजारी, लोखंडी सांगाड्यावर आठ पॅनेल. मी थांबून वायरिंग बघायला लागलो तसं मालकानं आत बोलावलं. त्याच्या पुतण्याला थोडं इंग्रजी येत होतं. पूर्वी पंप १२ किलोच्या गॅस सिलिंडरवर चालायचा. सरकारी अनुदानामुळे सिलिंडर ४० दिरहमला होता, २०२४ मध्ये ५० झाला. आता ऊन. पॅनेलवर बोटभर धूळ होती. मी फडकं मागून दोन पुसली आणि कधी धुवायची ते सांगितलं, पहाटे, गार असताना.

मग त्यानं विहीर दाखवली. पाणी दिसेना. पूर्वी डोंगराकडून जमिनीखालच्या पाटांनी पाणी यायचं, खेत्तारा म्हणतात, आपल्या औरंगाबादच्या नहर-ए-अंबरीसारखं. ते कधीच आटले. गॅसचे पैसे मोजावे लागायचे तेव्हा माणूस पंप बंद करायचा, आता सूर्य आहे तोवर चालू. आमच्या तासगावात हेच बोअरचं झालेलं पाहिलंय, म्हणून मी काही बोललो नाही. मोरोक्कोत अजून निम्म्याहून जास्त वीज कोळशाची आणि २०३० पर्यंत स्थापित क्षमतेत ५२ टक्के हरित करायचं ठरलंय. त्या आकड्यांत ही विहीर कुठे बसते, कोण जाणे.

थकलो होतो, म्हणून त्याच्याकडचं लोणी-मध-पाव मला आयुष्यातलं सर्वोत्तम जेवण वाटलं. तुम्हाला कदाचित वाटणार नाही.

परतीला अंधार पडू देऊ नका, टॅक्सी भरत नाही. आम्ही दोघे आणि एक आजी. रिकाम्या तीन सीटचे ६० दिरहम मी न कुरकुरता दिले. वाटेत डावीकडे… नाही, उजवीकडे मनोऱ्याचे तांबडे दिवे लुकलुकत होते. टोक विझलेलं. खाली मीठ मात्र अजून तापलेलं असणार. मेहुण्याला दाखवायला वळलो तर तो आजींच्या खांद्यावर झोपला होता.