आईच्या रेकॉर्ड्स आणि पंचवीस हजारांचं बजेट

आईच्या माहेरचा वाडा रिकामा केला तेव्हा एक लोखंडी ट्रंक आमच्याकडे आली. आत ऐंशीएक रेकॉर्ड्स. माणिक वर्मा, सुधीर फडके, वसंतराव देशपांडे, कुमार गंधर्व, आणि तळाशी लाखेच्या जड अशा ७८च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) अकरा तबकड्या. वाजवायला घरात काहीच नव्हतं. माळ्यावर नव्वदच्या दशकातला एक ॲम्प्लिफायर होता, तो सुरू झाला. बाकी सगळं २५,००० रुपयांत बसवायचं ठरवलं.

पहिला मोह सुटकेसच्या आकाराच्या प्लेअरचा. दिसायला गोड, स्पीकर आतच, किंमतही आवाक्यातली. पण त्यांपैकी बहुतेकांत सिरॅमिक कार्ट्रिज (सुई धरणारा आणि तिच्या कंपनांचा विजेचा सिग्नल करणारा भाग) असतं आणि सुईचा भार पाच ग्रॅमच्या आसपास जातो. मॅग्नेटिक कार्ट्रिजला दोन ग्रॅम पुरतात. खाच प्लास्टिकची, सुईचं टोक कठीण खड्याचं; इतका भार घेऊन ते त्याच खाचेतून पुन्हा पुन्हा फिरलं तर झीज होणारच. आईच्या रेकॉर्ड्स दुसऱ्यांदा मिळणाऱ्या नाहीत. त्यामुळे पैसे आधी सुईवर घालायचे हे तिथेच पक्कं झालं.

कार्ट्रिज घेतलं ऑडिओ-टेक्निकाचं व्हीएम९५ई, साडेपाच हजारांना. त्याच मालिकेतल्या वरच्या दर्जाच्या सुया त्याच अंगावर बसतात, म्हणजे पुढेमागे हात सैल झाला तर फक्त सुई बदलायची. त्याच कंपनीचा एलपी६०एक्स हा नवा कोरा प्लेअरही डोक्यात होता. गॅरंटी, आत प्रीॲम्प (कार्ट्रिजचा क्षीण सिग्नल वाढवणारं सर्किट), सगळी सोय. पण त्यात भार कमीजास्त करता येत नाही आणि कार्ट्रिजही बदलता येत नाही, म्हणून सोडला. ज्याला जोडाजोडीत पडायचं नाही त्याला मी आजही तोच सांगेन.

मग जुना टर्नटेबल शोधायला लागलो. पुण्याच्या जुन्या बाजारात एक देखणा जपानी नग मिळाला, पण मागच्या पट्टीवर लिहिलं होतं १०० व्होल्ट. आपल्याकडे २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. व्होल्टेजसाठी ट्रान्सफॉर्मर लावता येतो, पण ज्या मोटरचा वेग विजेच्या हर्ट्झवर ठरतो ती ६० हर्ट्झची असली तर इथे मंदच फिरणार. उलटा करून ती पट्टी वाचल्याशिवाय जुना प्लेअर घेऊच नये.

शेवटी एका दुरुस्तीवाल्या काकांकडे २३० व्होल्टचा, बेल्टवर चालणारा मिळाला. साडेअकरा हजार सांगितले, नऊवर आले. "मोटर ठणठणीत आहे बघा, बेल्ट तेवढा सैल पडलाय," ते म्हणाले. मी आधी टोनआर्म, म्हणजे सुई धरणारा दांडा, दोन बोटांत धरून हलकेच हलवून बघितला. कुठे खुळखुळत नव्हता, कुठे अडकत नव्हता. बेल्ट सहाशे रुपयांत नवा येतो, पण बेअरिंग गेलेला आर्म कोण दुरुस्त करणार?

घरी आल्यावर वेग तपासायला रेषांची चकती छापली. ती तबकडीवर ठेवून ट्यूबलाइटखाली फिरवायची. वेग बरोबर असेल तर रेषा जागच्या जागी थांबल्यासारख्या दिसतात. माझ्या रेषा भराभर पुढे पळत होत्या. मोटरचा स्क्रू पिळून पिळून थकलो. मग लक्षात आलं की मी २१६ रेषांची, म्हणजे ६० हर्ट्झची चकती छापली होती. आपल्याला मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या वेगासाठी १८० रेषांची लागते. आणि ट्यूबलाइटही जुन्या चोकची हवी, एलईडीखाली बहुधा काहीच दिसत नाही. आमच्याकडे तशी एकच उरली आहे, स्वयंपाकघरात. ओट्यावरचे डबे बाजूला सारून तिथेच वेग जुळवला.

कार्ट्रिज बसवायला एक अख्खा रविवार गेला. भार मोजायला सोनारकामाचा छोटा डिजिटल काटा आणला, साडेतीनशे रुपयांचा, आणि सुई बरोबर दोन ग्रॅमवर आणली. काट्याची ताटली रेकॉर्डच्या उंचीला हवी, वर ठेवली तर आकडा चुकतो.

प्रीॲम्पवर पैसे वाचवू नका, त्याशिवाय चालतच नाही. रेकॉर्ड कापतानाच खर्ज कमी आणि वरचे स्वर वाढवून कापलेले असतात, नाहीतर खाचा फार रुंद होतील. प्रीॲम्प ते उलटवतो आणि कार्ट्रिजमधून येणारे जेमतेम चार मिलिव्होल्ट ॲम्प्लिफायरला पुरतील इतके वाढवतो. मी उत्सुकतेपोटी एकदा प्रीॲम्पशिवाय थेट ॲम्प्लिफायरच्या ऑक्स या साध्या इनपुटमध्ये जोडून पाहिलं. वसंतरावांचा आवाज लांबून, किनरा आला, ऐकवेना. प्रीॲम्प लावल्यावर आवाज भरला, पण मागे सतत गुंऽऽ अशी घुमघुम. टोनआर्मची बारीक अर्थिंगची वायर लोंबकळत राहिली होती. ती प्रीॲम्पच्या स्क्रूखाली आवळताच शांत.

जुन्या स्पीकरची जोडी पाच हजारांना मिळाली. सगळा हिशेब २३,६५०. उरलेल्या पैशांतून डिस्टिल्ड वॉटर, मऊ ब्रश आणि नवी पाकिटं आणली, कारण अर्ध्या रेकॉर्ड्सवर पावसाळ्याची बुरशी होती. लाखेच्या तबकड्यांना अल्कोहोल मात्र लावू नका, लाख त्यात विरघळते. त्या अकरा अजून ट्रंकेतच आहेत. त्यांना जाड टोकाची वेगळी सुई लागते आणि ७८चा वेग, जो या प्लेअरला नाही.

पहिली रेकॉर्ड आईनं निवडली, माणिक वर्मांची. दुसऱ्या कडव्याशी ती पुढे सरकून बसली. "इथे अडकायची बघ. तुझा मामा सुईच्या डोक्यावर दहा पैशाचं नाणं ठेवायचा, म्हणजे मग जायची पुढे." त्या जागी एकदा टक् असा आवाज झाला आणि गाणं पुढे गेलं. आईनं मान हलवली आणि बाजू संपेपर्यंत काही बोलली नाही.